बोट टोचण्याआधी फोन लावा: उपकेंद्रावरच्या एचआयव्ही तपासणीची पायरी-पायरीने मांडणी

उपकेंद्रावर एचआयव्हीची किट पोचली की प्रशिक्षणात पहिला प्रश्न ठरलेला: "सर, किती थेंब टाकायचे?" थेंब किटच्या कागदावर छापलेले असतात. चुका होतात त्या थेंबाच्या आधी आणि नंतर. लसीच्या फ्रिजमध्ये कोंबलेली किट, सिकलसेलच्या नावाखाली घेतलेलं रक्त, ओसरीवर चार बायकांसमोर सांगितलेला निकाल, आणि रिअॅक्टिव्ह (चाचणीत रेघ उमटलेला) आलेला माणूस पुढच्या केंद्रावर कधी पोचलाच नाही, हे सगळं मी धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत पाहिलं आहे. म्हणून हा लेख. आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे, पण आशाताईंनीही पहिला, दुसरा आणि सातवा टप्पा वाचावा.

टप्पा १: सुरुवात शेवटाकडून करा

उपकेंद्रावर होते ती फक्त प्राथमिक चाचणी. एका किटवर रेघ उमटली म्हणजे माणूस एचआयव्ही पॉझिटिव्ह झाला असं नाही. पक्कं निदान एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आपण ज्याला आयसीटीसी म्हणतो तिथे, वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन किट वापरून होतं.

हे नुसतं नियमासाठी नाही. हिशोब करून पाहा. समजा १०,००० लोकांची तपासणी केली आणि त्यांतल्या २० जणांना खरोखर लागण आहे. किट उत्तम आहे, वीसही पकडते, पण लागण नसलेल्या १०० माणसांमागे एकाला चुकून रिअॅक्टिव्ह दाखवते. उरलेले ९,९८०, त्यांच्यातले सुमारे १०० चुकून रिअॅक्टिव्ह. म्हणजे तुमच्यासमोर १२० रेघा आल्या आणि खऱ्या त्यांतल्या २०. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) जिथे लागण कमी, तिथे खोट्या रेघेचं प्रमाण जास्त. पाड्यावर जाऊन सरसकट तपासणी करणाऱ्याने हे गणित डोक्यात ठेवलंच पाहिजे.

तेव्हा पहिली किट उघडण्याआधी एक कागद भरा आणि टेबलाच्या खणात ठेवा:

१. सर्वांत जवळची आयसीटीसी कोणती, तिचे वार आणि वेळा.
२. तिथल्या समुपदेशकाचा आणि तंत्रज्ञाचा फोन. दोघांपैकी एक रजेवर असेल तर दुसरं केंद्र कोणतं.
३. तिथे जाणारी एसटी किंवा जीप किती वाजता निघते आणि परतीची शेवटची गाडी कोणती.
४. सोबत कोण जाईल, अर्थात त्या व्यक्तीला सोबत हवी असेल तरच.
५. उपचार सुरू होतील ते एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र.

मोलगी किंवा तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाचा येण्याजाण्यात सबंध दिवस जातो, मजुरी बुडते. तिथे पोचल्यावर "आज तंत्रज्ञ नाहीत, उद्या या" ऐकलं की तो परत येत नाही. नर्मदाकाठच्या गावांत तर बोटीची वेळ आधी बघावी लागते. म्हणून शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करा. "उद्या आमच्याकडे तपासणी आहे, परवा तुम्ही आहात ना?" एवढंच विचारायचं.

> पडताळणी: वरच्या पाचपैकी एक जागा जरी रिकामी असेल तरी तपासणीचा दिवस पुढे ढकला. तपासण्यांचा आकडा महिनाअखेरीस भरून निघतो. हरवलेला माणूस सापडत नाही.

टप्पा २: कोणाची, केव्हा, कुठे

गरोदर बाईची पहिल्याच भेटीत तपासणी. क्षयरुग्ण, लैंगिक आजाराची लक्षणं घेऊन आलेले, आधीच लागण माहीत असलेल्यांचे जोडीदार आणि मुलं, आणि जो स्वतःहून विचारतो तो. स्वतःहून विचारणाऱ्याला "कशाला रे तुला?" असं कधीही म्हणू नका. तेवढं विचारायला तो महिनाभर हिंमत गोळा करत असतो.

खानदेशात दिनदर्शिका पाहून काम करावं लागतं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सातपुड्यातली माणसं कामाला गुजरातेत जातात. डिसेंबरात पाड्यावर शिबिर लावलं तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील. तपासणी करायची ती टोळ्या निघण्याआधी, किंवा होळीला सगळे घरी येतात तेव्हा. पण होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात 'एचआयव्ही तपासणी' असा फलक लावून बसू नका. त्या टेबलाकडे जाताना सगळा बाजार बघतो. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांच्यासोबत आतल्या खोलीत तपासणी ठेवा. ट्रकवाल्यांची वेळ रात्रीची असते, रावेर-यावलकडे केळी भरायला थांबलेली गाडी सकाळी दहाला सापडत नाही. त्यामुळे सरकारी वेळ धरून बसाल तर महामार्गावरचा माणूस सुटेल.

एक चूक खास आपल्याकडची. सिकलसेलसाठी बोट टोचलंच आहे, तर त्याच रक्तात एचआयव्हीची पट्टी लावून टाकायची. हे करू नका. बोट एकदाच टोचा, हरकत नाही, पण दोन्ही तपासण्यांचं वेगळं सांगून दोन्हींची वेगळी संमती घ्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही.

आणि हे विचारायला विसरू नका: "आधी कधी ही तपासणी झाली होती का? रोजच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" एआरटीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची पुन्हा झटपट चाचणी करायची नसते. क्वचित रेघ फिकी येते किंवा येत नाही, "रिपोर्ट निल आला" असं गावभर होतं, एखादा जडीबुटीवाला त्याचं श्रेय घेतो आणि माणूस गोळ्या सोडतो. औषधाने विषाणू दबलेला असतो, गेलेला नसतो.

> सावधान: १८ महिन्यांखालच्या बाळाला ही पट्टी लावून निदान करू नका. आईच्या शरीरातली प्रतिपिंडं बाळात उतरलेली असतात, रेघ त्यांचीही उमटते. अशा बाळाची वेगळी, विषाणूचा शोध घेणारी तपासणी सहाव्या आठवड्यापासून होते. आयसीटीसीला कळवा.

टप्पा ३: किट आणि आपला उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो. बहुतेक किटच्या खोक्यावर साठवणुकीची कमाल मर्यादा ३० अंश असते, काहींची २ ते ८. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली किट महिनाभरात काय होत असेल ते सांगायला नको. गंमत अशी की बिघडलेली किट ओरडत नाही. नियंत्रण रेघ (चाचणी चालली हे दाखवणारी) व्यवस्थित उमटते आणि खरा रिअॅक्टिव्ह मात्र सुटून जाऊ शकतो.

१. खोक्यावरचं तापमान वाचा. आपल्या किटचं, शेजारच्या केंद्राच्या किटचं नव्हे. पुरवठा बदलला की कंपनी बदलते, तापमान बदलतं, थेंब बदलतात, वाचायची वेळही बदलते.
२. लसीच्या आयएलआरमध्ये, म्हणजे खास लसीसाठीच्या फ्रिजमध्ये, किट ठेवायची नाही. तिथे लसीशिवाय काहीच नाही, हा नियम तुम्हाला लसीकरणाच्या प्रशिक्षणात शिकवलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेचा फ्रिज वापरा आणि उपकेंद्रावर आठवड्यापुरत्याच किट न्या.
३. फ्रिजमध्ये तापमापी ठेवा, सकाळ-संध्याकाळ नोंद करा. भारनियमनाच्या दिवशी दार उघडू नका.
४. वाहतुकीला लसीचा डबा चालतो, पण बर्फाच्या पिशव्या थेट किटला टेकवू नका. गोठलेली किट ही भाजलेल्या किटइतकीच निकामी. मध्ये पुठ्ठा घाला.
५. मोटारसायकलच्या डिकीत किट ठेवून 'दोन मिनिटांत येतो' म्हणत चहाला थांबू नका.
६. ज्याची मुदत आधी संपते ते खोकं आधी वापरा. नवीन खोकं पुढे आणि जुनं मागे, असं मांडलं की जुनं मागेच राहतं.

थंडीतही अडचण असते. डोंगरात जानेवारीच्या सकाळी खोली इतकी गार असते की थेंब पट्टीवर सरकायला वेळ लावतो. बहुतेक कागदांवर चाचणी करतानाचं तापमानही लिहिलेलं असतं. ऊन वर येईपर्यंत थांबा.

> पडताळणी: फ्रिजमधून काढलेलं पाकीट बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, साधारण अर्धा तास. थंडगार असताना फोडलं तर आत दव धरतं. पाकीट फाटलेलं असेल किंवा आतली ओल शोषणारी पुडी नसेल, तिचा रंग बदलला असेल, तर ती किट बाजूला काढा.

टप्पा ४: टेबल

इथे फार सांगण्यासारखं नाही. उजेड पुरेसा हवा, रेघ फिकी असेल तर संध्याकाळच्या मिणमिणत्या बल्बखाली दिसत नाही. कूलरचा किंवा पंख्याचा झोत टेबलावर नको, थेंब वाळतो. डाव्या हाताला स्वच्छ सामान, उजव्या हाताला कचऱ्याचे डबे; डावखुरे असाल तर उलट. सुईचा पांढरा डबा हाताच्या अंतरावर हवा, पाठीमागच्या खिडकीत नको. घड्याळ समोर.

टप्पा ५: आधी बोलणं

दार लावा. सोबत आलेल्या सासूला, नवऱ्याला, आशाताईलासुद्धा बाहेर बसायला सांगा. "दोनच मिनिटं मावशी, वजन-बिजन बघते" एवढं पुरतं.

पावरी, भिल्लोरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या बाईला छापील मराठीतला संमतीचा मजकूर वाचून दाखवणं म्हणजे संमती नव्हे. तिच्या बोलीत सांगा. बोली येत नसेल तर दुभाषी घ्या, पण त्याच पाड्यावरचा नको आणि घरातलं लेकरू तर मुळीच नको. इतक्या गोष्टी तिला कळायला हव्यात: कोणती तपासणी आहे, नको म्हटलं तरी बाकीचे उपचार बंद होणार नाहीत, निकाल फक्त तिलाच सांगितला जाईल, रेघ आली तर पुढे आणखी तपासणी असते, आणि लागण निघालीच तर मोफत औषध आहे. मग तिलाच विचारा, "मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." जे चुकीचं सांगेल तेवढंच परत समजवा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकाची संमती लागते.

शेवटचा धोका, म्हणजे लागण होऊ शकेल असा प्रसंग, किती दिवसांपूर्वीचा, हेही इथेच विचारा. निकाल सांगताना लागणार आहे.

टप्पा ६: टोचणं आणि थेंब

क्रम मोडू नका.

१. हात धुवा, हातमोजे घाला. प्रत्येक माणसाला नवे.
२. पाकीट आता उघडा. आधी नाही. दहा पाकिटं फोडून रांग लावणं ही शिबिरातली लाडकी चूक आहे.
३. पट्टीवर मार्करने क्रमांक लिहा, बोट टोचण्याआधी. नाव लिहू नका. तोच क्रमांक नोंदवहीत.
४. मधलं किंवा अनामिका बोट घ्या. शेतात राबणाऱ्या हाताची कातडी जाड असते, कोमट पाण्याने हात धुवायला लावा, हात खाली सोडून बसवा.
५. स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर थेंब पसरतो, चाचणीही बिघडते.
६. पेराच्या मध्यावर नको, किंचित कडेला टोचा. लॅन्सेट (टोचायची सुई) लगेच पांढऱ्या डब्यात.
७. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा. दुसरा घ्या. बोट पिळू नका, पिळल्याने रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं.
८. किटसोबतच्या नळीने खुणेपर्यंत रक्त घ्या, ठरलेल्या खिडकीत सोडा.
९. मग त्याच खोक्यातलं बफर (किटसोबतचं द्रावण), कागदावर लिहिलेले तेवढेच थेंब, बाटली सरळ उभी धरून. बफर कमी पडलं म्हणून दुसऱ्या खोक्यातलं किंवा सिफिलिसच्या किटचं घेऊ नका. साधं पाणी टाकलेलंही मी पाहिलं आहे!
१०. वेळ लिहा. मनात ठेवू नका.

> सावधान: एकट्याने काम करत असाल तर एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त पट्ट्या सुरू ठेवू नका, दोन पट्ट्यांमध्ये दोन-तीन मिनिटांचं अंतर ठेवा. पट्ट्यांची अदलाबदल झाली तर ती कोणत्याही यंत्राला पकडता येत नाही.

टप्पा ७: वाचणं आणि सांगणं

कागदावर दोन वेळा असतात, किमान आणि कमाल. उदाहरणार्थ, १५ मिनिटांनी वाचा, २० नंतर वाचू नका. पाच मिनिटांत रेघ नाही म्हणून 'निगेटिव्ह' लिहिणं जितकं चूक, तितकंच जेवून येऊन वाचणंही चूक.

नियंत्रण रेघ नाही, तर चाचणी बाद. दुसरी रेघ दिसत असली तरी बाद. नवी पट्टी घेऊन परत करा. तीही बाद गेली तर तो गठ्ठाच (बॅच) थांबवा आणि केंद्राला कळवा. चाचणीच्या जागी रेघ फिकट दिसली तरी ती रिअॅक्टिव्हच. 'थोडंसं पॉझिटिव्ह' असा निकाल नसतो, आणि फिकी रेघ म्हणजे कमी आजार असंही नसतं.

सांगायची वेळ आली. ती विचारेल, "काय निंघनं, ताई?" उत्तर तयार ठेवा.

रेघ नाही, जवळपास धोकाही नाही: "तपासणीत काही आढळलं नाही." धोका नुकताच झाला असेल तर पुढे जोडा की लागण नवी असेल तर या तपासणीत दिसायला वेळ लागतो, शेवटच्या धोक्यापासून तीन महिन्यांनी परत या. तारीख काढून द्या. सणाच्या खुणेने सांगितलं तर जास्त लक्षात राहतं, "पोळा झाला की या". आणि धोका अगदी काल-परवाचा असेल, ७२ तासांच्या आतला, तर तीन महिन्यांच्या गोष्टी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा, प्रतिबंधक औषधाचा निर्णय त्यांनी घ्यायचा.

रेघ आली: "या तपासणीतून पक्कं सांगता येत नाही. आणखी तपासण्या करून बघायच्या आहेत. त्या मोठ्या केंद्रात होतात, मी त्यांच्याशी बोलते." 'एचआयव्ही आहे' म्हणू नका, 'काही नसेल, घाबरू नका' असंही म्हणू नका. नंतर दोन्ही वाक्यांपैकी एक खोटं ठरतं आणि तुमच्यावरचा विश्वास जातो. मग टप्पा १ चा कागद काढा, तिच्यासमोर फोन लावा, दिवस आणि गाडी ठरवा. चिठ्ठी बंद पाकिटात. पाकिटावर आजाराचं नाव नाही, माताबाल कार्डावर लाल खूण नाही, आशाताईच्या वहीत नोंद नाही. नवऱ्याला परस्पर सांगणं तर कायद्यातही बसत नाही. घरी गेल्यावर प्रश्न पडले तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तो पाठ करून घ्या.

> अपवाद: कळा सुरू असलेली, आधी तपासणी न झालेली बाई आली आणि रेघ उमटली, तर पक्क्या निदानाची वाट पाहत थांबायचं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याला लगेच बोलवा. आईचं औषध आणि बाळाचं प्रतिबंधक औषध यांना इथे तासांचा हिशोब असतो. पक्की तपासणी मागाहून होते.

तिसऱ्या दिवशी आयसीटीसीला फोन: क्रमांक अमुक पोचला का? नाव फोनवर घेऊ नका. पोचला नसेल तर घरी जाताना गणवेशात आणि सरकारी गाडीतून जाऊ नका, लसीकरणाच्या किंवा रक्तदाबाच्या भेटीत सहज बोला. लागण पक्की झाली की सीडी-४ (प्रतिकारपेशींचा आकडा) कितीही असो, औषध सुरू होतं. 'अजून तब्येत चांगली आहे, नंतर बघू' हे जुनं झालं.

टप्पा ८: कचरा, आणि सुई लागली तर

लॅन्सेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. डबा पाऊण भरला की बंद. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. टेबलावर रक्त सांडलं तर कागदाने किंवा कापडाने झाका, वर १ टक्का हायपोक्लोराइट ओता, अर्धा तास थांबा, मग पुसा. द्रावण रोज ताजं करा. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या बाटलीतलं आठवड्याचं द्रावण म्हणजे पाणीच.

स्वतःला सुई लागली तर साबण आणि वाहतं पाणी. बोट तोंडात घालू नका, पिळू नका, स्पिरिट ओतू नका. डॉक्टरांना लगेच कळवा. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यायचं असतं. मला एका तरुण सिस्टरने ही गोष्ट चौथ्या दिवशी सांगितली होती, 'साहेब रागावतील' म्हणून. सुदैवाने तिला काही झालं नाही, पण ते चार दिवस तिने कसे काढले ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. औषध कोणत्या कपाटात आहे आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे आजच विचारून ठेवा.

टप्पा ९: नोंद

नोंदवहीत क्रमांक, तारीख, किटचं नाव, गठ्ठा क्रमांक, मुदत, सुरुवातीची वेळ, वाचल्याची वेळ, निकाल, सही. दोन वेळांचे रकाने बहुतेक वह्यांत नसतात. पट्टी मारून स्वतः आखा. वही कुलपात.

नवा गठ्ठा आला की लोकांवर वापरण्याआधी प्रयोगशाळेकडून आलेल्या माहीत असलेल्या नमुन्यांवर तपासा, एक रिअॅक्टिव्ह, एक नसलेला. वीज जास्त वेळ गेली, किट उन्हात राहिली, किंवा नवीन माणसाने काम हाती घेतलं, तरीही तसंच करा. आणि महिनाअखेरीस अहवाल भरताना 'किती तपासण्या' या रकान्याच्या शेजारी पेन्सिलीने आणखी तीन आकडे लिहा: रिअॅक्टिव्ह किती, त्यांतले आयसीटीसीला पोचले किती, औषध सुरू झालेले किती. पहिल्या दोन आकड्यांत फरक दिसला तर त्या महिन्यात नवीन शिबिर लावू नका, आधी त्या माणसांच्या मागे जा.